आढ्यावरचा माणूस

मृग लागायच्या आत घर शाकारून घ्यायचं, हा महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या गावांचा नेम होता. किनवटकडच्या बाजूला राहा नाहीतर आदिलाबादकडच्या, मे महिना सरत आला की पाख्यापाख्यावर एकेक माणूस उकिडवा बसलेला दिसायचा. खालून बाई टोपलीतून कवेलू वर द्यायची. तो फुटके काढून टाकायचा, चांगले पुन्हा ओळीत बसवायचा. मधेच एखादा विंचू निघायचा. आमच्या घरी दरवर्षी येणारा माणूस एका वर्षी आढ्यावरून थेट खाली आला. वासा कुजलेला होता. वरून ते कवेलूंनी झाकलं होतं आणि खालून आम्ही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मनगट मोडलं, कंबर दुखावली. वडिलांनी हाडवैद्याचे पैसे दिले, पंधरा दिवसांची मजुरी आणि पायलीभर ज्वारी त्याच्या घरी पोचवली. गावानं वडिलांची तारीफ केली. तो माणूस पुन्हा पाख्यावर चढला नाही. पुढच्या वर्षी त्याचा पोरगा आला. त्या पोराचं वय किती, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्याच्या बापाच्या पुढच्या तीस वर्षांचं काय, हेही आमच्या अंगणात कुणी बोललं नाही.

छपराचं काम करून देणाऱ्या गुत्तेदारांनी माणसं कशी ठेवावीत, या विषयावर लिहायला घेतलं तेव्हा मला पहिल्यांदा ते अंगण आठवलं. म्हणून हा लेख मोठ्या शहरातल्या टॉवरांवर नाही. तो इंद्रवेल्लीवर आहे.

आदिलाबादहून निघालं की गुडीहत्नूरला महामार्ग सुटतो आणि उटनूरच्या रस्त्याला इंद्रवेल्ली लागते. मंडलाचं गाव, आजूबाजूला गोंड गुडे, कोलामांच्या वस्त्या, लंबाड्यांचे तांडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरं. बाजारात एका वाक्यात तीन भाषा येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बाहेरच्यांना हे गाव एका तारखेनं माहीत आहे: २० एप्रिल १९८१. त्या सोमवारी जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारनं १३ मृत्यू सांगितले. मानवी हक्कवाल्यांचा आकडा त्याच्या कित्येक पट होता. त्या मृतांच्या नावानं उभा राहिलेला स्तूप आजही गावाच्या कडेला आहे. मेलेल्यांची मोजणीच पुरी होत नाही, हा अनुभव या मातीला जुना आहे. छपरावरून पडून मेलेल्यांची मोजणी तर सुरूसुद्धा झालेली नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथलं छप्पर बदलत गेलं. मातीचे देशी कवेलू गेले, त्यांच्या जागी टिन आलं, सिमेंटचे पत्रे आले, आणि आता स्लॅब. माकडं कवेलू फोडतात, कवेलू घडवणारे कुंभार उरले नाहीत, वाशांना लाकूड मिळत नाही. कारणं सगळी खरी आहेत. तेलंगणा सरकारची इंदिरम्मा घरांची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. स्वतःच्या जागेवर किमान ४०० चौरस फुटांचं घर बांधायचं आणि सरकार पाच लाख रुपये टप्प्याटप्प्यानं देणार. पाया झाला की हप्ता, भिंती झाल्या की हप्ता, स्लॅब पडला की हप्ता. बांधणारा घरमालक स्वतःच. पण सेंट्रिंग बांधणं, सळई बांधणं, माल ओतणं हे घरमालकाला येत नाही. म्हणून काल जो मिस्त्री होता तो आज गुत्तेदार झाला. प्लेटा भाड्यानं आणायच्या, मिक्सर आणायचा, आठ-दहा माणसं जमवायची. त्याच्याकडे ना कार्यालय आहे ना पाटी. खिशात एक मळकी वही असते. उचल, हजेरी, घरमालकाकडची बाकी, प्लेटांचं भाडं, सगळं त्याच वहीत. कामगारधोरण म्हणून या व्यवसायात जे काही आहे ते त्या वहीत आहे, आणि त्या वहीत जे नाही ते कुठेच नाही.

कायदा काय म्हणतो, ते आधी सरळ सांगतो, कारण त्यातच गोम आहे. बांधकाम कामगारांसाठी देशात १९९६ साली खास कायदा झाला. १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची कल्याण मंडळाकडे नोंदणी, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर, त्यातून कामगाराला मदत. उतरत्या छपरावर काम करताना पायाखाली रांगत जायची फळी हवी, तिला नीट आधार हवा, इतकं बारीक १९९८ च्या नियमांत लिहिलेलं आहे. ज्यानं ते लिहिलं त्याला छप्पर माहीत होतं. पण त्याच कायद्यानं स्वतःला राहण्यासाठी बांधलेलं १० लाखांच्या आतलं घर बाहेर ठेवलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या. त्यांत ही मर्यादा ५० लाखांवर गेली आहे, आणि दहापेक्षा कमी माणसांचं कामही बाहेर आहे. इंद्रवेल्लीत राहतं घर ५० लाखांचं कोण बांधतो? म्हणजे या भागातलं जवळजवळ प्रत्येक घरगुती छप्पर या व्याख्येच्या बाहेर पडलं. उपकराचा पैसा मात्र थोडाथोडका जमला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ च्या निकालात देशभरचा हिशेब मांडला तेव्हा ३७,४०० कोटींच्या वर जमा होते आणि खर्च झाले होते साडेनऊ हजार कोटींच्या आसपास.

दुसरा कायदा मात्र याच छपराकडे बोट दाखवत आला. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा. त्याच्या परिशिष्टात कुठल्या इमारतीवरचं काम धोक्याचं धरायचं याचं एक माप होतं: एकमजल्याहून उंच इमारत, किंवा जमिनीपासून आढ्यापर्यंत १२ फूट वा त्याहून जास्त. आढ्यापर्यंत! इंग्रजांच्या काळातल्या त्या कायद्यानं मोजपट्टी नेमकी तिथे लावली होती जिथून आमच्या घरचा माणूस खाली आला. छपरं करून देणं हाच ज्याचा धंदा, तो पडलेल्या माणसाचा मालक ठरतो. घरमालक बहुधा सुटतो, गुत्तेदार सापडतो. माणूस गेला तर निम्मी मजुरी गुणिले वयाचा आकडा, असा हिशेब आहे. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८. महिन्याची मजुरी केंद्रानं २०२० साली ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे १५,००० धरली तर भरपाई होते १५,५९,८५०. संहितेतही भरपाईचं सूत्र हेच राहिलं आहे. जो गुत्तेदार एका स्लॅबमागे काही हजार रुपये वाचवतो, त्याच्या डोक्यावर प्रत्येक चढणाऱ्या माणसामागे साडेपंधरा लाखांचं ओझं आहे, आणि बहुतेकांना ते कुणी सांगितलेलंच नाही. कामगार भरपाईचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. ज्याला तेही परवडत नाही त्यानं निदान आपल्या प्रत्येक माणसाचा बँकेतला प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे की नाही एवढं पाहावं. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. मला या जागी राग येतो तो गुत्तेदाराचा नाही. जिथे मदत द्यायची तिथे हे छप्पर दिसत नाही आणि जिथे वसुली करायची तिथे दिसतं, अशी व्यवस्था आपण उभी केली, तिचा येतो.

आता स्लॅबचा दिवस. ४०० चौरस फूट, चार इंच जाडी. ओला माल साधारण नऊ टन. हे नऊ टन काही तास फक्त लोखंडी प्लेटा आणि खालच्या बल्ल्यांवर उभे असतात. बल्ली वाकडी असेल, खालची माती भुसभुशीत असेल, दोन तुकडे जोडून एक बल्ली केली असेल, तर ते त्याच दिवशी कळतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं वर असतात: मिस्त्री, सळईवाले, व्हायब्रेटर धरणारा, आणि सकाळपासून घमेली वाहणाऱ्या रेजा. काम एका दमात संपवायचं, म्हणून जेवायला कुणी उतरत नाही. माल ओतायची तुकडी बहुतेक वेळा वेगळ्याच गावची, ठोक भावानं आलेली. तिचा मुकादम वेगळा, सेंट्रिंगवाला वेगळा, गुत्तेदार वेगळा. काही झालं तर तिघंही एकमेकांकडे बघतात. चांगला गुत्तेदार ओळखायचा असेल तर स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी जाऊन उभं राहावं. तो स्वतः वाकून प्रत्येक बल्ली हलवून बघतो का? बल्लीखाली फळी आहे का? आणि माल ओतताना खाली कुणी जाणार नाही, घरमालकाची पोरंसुद्धा नाही, हे तो ठणकावून सांगतो का?

मग येतो काढणीचा प्रश्न. प्लेटांचं भाडं दिवसावर असतं. एक दिवस जास्त ठेवल्या की एका दिवसाचं भाडं, शिवाय दुसरं घर वाट बघत थांबलेलं. भारतीय मानक ४५६ सांगतं: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून लांब असेल तर १४. पण याच मानकात एक अट आहे जी आदिलाबाद जिल्ह्यात तरी मोठ्या अक्षरांत लिहायला हवी: हे दिवस १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेसाठी आहेत. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र एक आकडी होते. शेकोटीशिवाय बाहेर बसवत नाही. सिमेंटलाही थंडी वाजते. ते हळू धरतं. म्हणजे ऐन हंगामातच, जेव्हा सगळ्यांना प्लेटा हव्या असतात, तेव्हा त्या जास्त दिवस ठेवायला हव्यात. खाली शिरून बल्ली ठोकून काढणारा माणूस सगळ्यात नवा, सगळ्यात स्वस्त असतो. भाड्याचे दिवस वाचवायचे आणि धोका त्याच्या डोक्यावर, हा सौदा या धंद्यात रोज होतो.

पत्र्यांचं मरण वेगळं आहे. सिमेंटचा पत्रा दिसतो दगडासारखा आणि फुटतो पापडासारखा. हूक-बोल्टांची ओळ जिथे आहे तिथेच खाली पाइप असतो. पाय त्या ओळीवरच द्यायचा, दोन ओळींच्या मधे कधीच नाही. जुन्या पत्र्यावर तर आडवी शिडी किंवा फळी टाकल्याशिवाय चढायचंच नाही. पावसात शेवाळलेला पत्रा बदलायला घरमालक भर श्रावणात बोलावतो, आणि गुत्तेदार नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणणं हे त्याच्या धोरणातलं पहिलं वाक्य असायला हवं. या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि वीस-तीस वर्षांनी बोलते. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीची नोंद ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर, ठेवायला सांगितलं. ते कारखान्यांपुरतं राहिलं. गावात अंगणात बसून करवतीनं पत्रा कापणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? तो पत्रा निदान ओला करून, हातकरवतीनं, तोंडाला फडकं बांधून कापावा. मुलं लांब असावीत. फडकं पुरेसं नाही, हेही सांगून टाकतो.

टिनाचं आणखी एक. लांब टिन खाली-वर करताना वरून गेलेली विजेची तार विसरली जाते. सळईचंही तसंच. वस्तीत घरं आधी आणि तारा नंतर, किंवा उलट, कशाही येतात. काम सुरू करण्याआधी वर बघणं आणि गरज असेल तर लाइनमनला सांगून तेवढा वेळ वीज बंद ठेवायला लावणं, याला पैसा लागत नाही. आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ ला टेकतो. टिनावर हात ठेवता येत नाही. तेलंगणानं एप्रिल २०२५ मध्ये उष्माघाताला राज्याची आपत्ती म्हणून मान्यता दिली आणि मृत्यूला ४ लाखांची मदत ठरवली. पण सकाळी सहा ते अकरा आणि मग चारनंतर, अशी वेळ बांधून घेतली तर ती मदत मागायची पाळीच कमी येईल. शेतावरची माणसं हेच करतात. छपरावर मात्र दुपारच्या दोन तासांची मजुरी कापली जाईल, या धाकानं माणूस वर बसून राहतो.

या धंद्यातली माणसं नोकरदार नाहीत. ती आधी शेतकरी, शेतमजूर आहेत. दसरा-दिवाळीच्या पुढे कापूस फुटला की बाया वेचणीला जातात. बोलावूनही येत नाहीत आणि त्यांनी यावं तरी का? दिवाळीच्या दिवसांत गोंड गुड्यांत दंडारी असते. मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी गावोगाव फिरतो, तेव्हा त्या तुकडीतला तरणा पोरगा सेंट्रिंगला हात लावणार नाही. पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाची जत्रा. इंद्रवेल्लीपासून हाकेच्या अंतरावर. गोंडांच्या मेस्राम कुळातला माणूस त्याआधी गोदावरीचं पाणी आणायला पायी निघालेला असतो. बाहेरून आलेले गुत्तेदार याला कामचुकारपणा म्हणतात. मला हा शब्द सहन होत नाही. वर्षाची सुट्टी ज्या समाजानं आधीच ठरवून ठेवली आहे, तिथे पंचांग बघून स्लॅबची तारीख धरणं हेच माणसं सांभाळणं. ज्याला हे कळतं त्याच्याकडे माणसं वर्षानुवर्षं टिकतात.

आणि शिस्त शिकायची असेल तर लांब जायला नको. नागोबाच्या जत्रेत जमलेली मेस्राम कुटुंबं कितीही असोत, स्वयंपाक होतो २२ चुलींवर, पाळीपाळीनं. कुणाची पाळी आधी, कुणाची नंतर, यावरून भांडण होत नाही, कारण ते सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. याच कुळानं आपसांत वर्गणी काढून नागोबाचं नवं देऊळ उभारलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते खुलं झालं. ज्या माणसांना आपण अडाणी मजूर म्हणून पाख्यावर चढवतो, त्यांना काम वाटून घेणं, पाळी लावणं, हिशेब चोख ठेवणं आपल्यापेक्षा बरं येतं. त्यांना विचारून नियम केले तर ते पाळलेही जातील.

उचलीचं बोलायलाच हवं. गुत्तेदार म्हणतात, माणूस उचल घेतो आणि दुसऱ्याकडे जातो. मजूर म्हणतात, उचल कधी फिटतच नाही. दोघंही खरं बोलतात. कारण हिशेब एकाच वहीत असतो आणि ती वही एकाच्या खिशात असते. दुसरी वही मजुराकडे हवी, तारीख, हजेरी, दिलेले पैसे, दोघांच्या सह्या वा अंगठे. नवी वेतनसंहिता सांगते की रोजंदारीची मजुरी त्या दिवसाचं काम संपताना, आठवड्याची सुट्टीच्या आधीच्या दिवशी, काम सोडणाऱ्याची कामाच्या दोन दिवसांत द्यायची. आणि सगळी कपात मिळून मजुरीच्या निम्म्याच्या वर जायची नाही. इथे त्याचा अर्थ एवढाच की बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात पडले पाहिजेत. बाजार झाल्यावर मिळालेली मजुरी आठवडाभर उधारीत जाते. रेजेची मजुरी मिस्त्रीपेक्षा कमी असणं समजू शकतो, कसब वेगळं आहे. पण तेच घमेलं वाहणाऱ्या पुरुषापेक्षा तिला कमी देणं बेकायदा आहे, १९७६ पासून आहे, आणि तरीही आजतागायत चालू आहे.

सीमेवरच्या माणसाची एक वेगळी अडचण. घर किनवट तालुक्यात, काम इंद्रवेल्लीला. तो महाराष्ट्राच्या मंडळात नोंदवायला गेला तर ९० दिवसांचा दाखला तेलंगणातला. तेलंगणात गेला तर अर्ज तेलुगूत आणि पत्ता महाराष्ट्रातला. तो दाखला द्यायला गुत्तेदार घाबरतो. सही केली तर उद्या आपल्यावर येईल, असं त्याला वाटतं. खरं तर भरपाईची जबाबदारी सही न करताही त्याच्यावर आहेच. सही न केल्यानं फक्त मजुराचं नुकसान होतं. ज्या गुत्तेदाराला आपण भले आहोत असं वाटतं, त्यानं आधी हे ९० दिवस लिहून द्यावेत.

भाषेचंही तेच. बल्ली निसटतेय हे वरच्यानं गोंडीत ओरडून सांगितलं आणि खालचा फक्त मराठी वा तेलुगू जाणत असेल, तर त्या दोन सेकंदांत सगळं होऊन जातं. थांब, सर, खाली ये, तार आहे, एवढे चार शब्द सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एका भाषेत ठरवून घ्यावेत. कुठली भाषा, हे महत्त्वाचं नाही. आणि माणूस पडलाच, तर त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नये. मणका दुखावला असेल तर त्या प्रवासातच पाय जातात. फळीवर सरळ निजवून १०८ ची वाट बघावी. आदिलाबादचं रिम्स इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. आमच्या माणसाला आम्ही बैलगाडीतून नेलं होतं, पोत्यावर, उठवून बसवून. कुणाला माहीतच नव्हतं.

दोरी आणि पट्ट्याचं विचारलं की सगळे एकच विचारतात, खेड्यातल्या घराला पट्टा अडकवायचा कुठे? उत्तर अवघड नाही. मजबूत दोर आढ्यावरून पलीकडे टाकायचा, पलीकडच्या झाडाला वा पक्क्या खांबाला बांधायचा आणि अलीकडच्या पाख्यावरच्या माणसानं पट्टा त्याला लावायचा. पाखं बदललं की दोर उलटा. त्यात दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांची मजुरी धरली पाहिजे, नाहीतर दोर पिशवीतच राहतो. अठराच्या आतलं पोर वर चढणार नाही, प्यायलेला माणूस चढणार नाही, स्लॅबच्या जेवणातली दारू माल ओतून, माणसं उतरून, हात-पाय धुऊन झाल्यावरच निघेल, हे घरमालकाशी दर ठरतानाच बोलून घ्यावं. दर ठरतो तेव्हा सगळं ऐकलं जातं. नंतर कुणी ऐकत नाही.

परवा इंद्रवेल्लीच्या बाजूला एका अर्ध्या घरात डोकावलो. दार-खिडक्या नव्हत्या, आत बल्ल्यांचं जंगल, वरून क्युरिंगचं पाणी ठिबकत होतं. आतल्या भिंतीच्या ओल्या गिलाव्यावर कोळशानं दोन तारखा लिहिल्या होत्या. एक स्लॅब टाकल्याची. दुसरी, तिच्यापासून पंधराव्या दिवसाची, बल्ल्या काढण्याची. खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली कुणाचा तरी अंगठा.